पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांना अटक होण्याचं प्रमाण सगळ्याच गुन्ह्यांत सारखं कमी असतं का?

नाही. एकूण आकड्यांत फरक प्रचंड दिसतो. 2022 च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांत स्त्रिया 23,772, म्हणजे शंभरात जेमतेम चार. मी फौजदारी वकिली करते. घरफोडी, दरोड्याच्या जामीन अर्जांत बाई आरोपी क्वचितच दिसते. बलात्काराच्या कलमात तर व्याख्येनुसारच आरोपी पुरुष असतो, तिथे तुलनेला अर्थ नाही.

पण सासरच्या छळाचं कलम 498अ (आता भारतीय न्याय संहितेत 85 आणि 86) घ्या, चित्र पालटतं. 2012 साली या कलमाखाली 1,97,762 जणांना अटक झाली, त्यांत 47,951 स्त्रिया. जवळजवळ चौथा हिस्सा! सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या अर्नेश कुमार निकालात हेच आकडे दिले, नवऱ्याच्या आई-बहिणींना सर्रास गोवलं जातं असं म्हटलं आणि गुन्हा नोंदला की लगेच अटक करू नका, असं पोलिसांना बजावलं.

या कलमाची फिर्याद हातात आली की आरोपींची यादी बहुतेकदा ठरलेली असते: 1 नवरा, 2 सासू, 3 सासरा, 4 दीर, 5 नणंद. नणंद लग्न होऊन दुसऱ्या जिल्ह्यात नांदत असली तरी तिचं नाव येतं. म्हणून या आकड्यावरून 'बायकाच बायकांच्या वैरी' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सुनेला उपाशी ठेवणारी, माहेरून पैसे आण म्हणून छळणारी सासू असते, तिला शिक्षा व्हायलाच हवी. पण अटकेच्या आकड्यातून फिर्यादीत कोणाची नावं आली ते कळतं. कोणी काय केलं ते साक्षीपुराव्यानंतर ठरतं.

सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही म्हणून आकडे कमी, असंही काही जण म्हणतात. तसं नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकारी दंडाधिकाऱ्यांची परवानगी घेऊन रात्रीही अटक करू शकते, एरवी अटक सकाळवर जाते इतकंच.

तुम्हाला खरंच तुलना करायची असेल तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात स्त्री-पुरुष वेगवेगळे दाखवणारे तक्ते आहेत. तिथे एकेका गुन्ह्यासाठी अटक, दोषारोपपत्र आणि दोषसिद्धी हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा.