सदाहरित झुडपं निवडताना

रोपवाटिकेत दिसतं ते रोप फूटभर उंचीचं. तुम्ही निवडायचं ते त्याच्या पूर्ण वाढीच्या उंचीकडे आणि घेराकडे बघून. कामिनी सहज दोन-अडीच मीटर उंच होते, म्हणजे खिडकीखाली तिला जागा नाही. तिथे बुटक्या जातीची एक्झोरा बरी. फक्त एक्झोराला आम्लधर्मी माती लागते. चुनखडीच्या मातीत लोह मिळत नाही, मग पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. सिमेंटच्या भिंतीलगत हे हमखास होतं.

भिंतीपासून अंतर पूर्ण घेराच्या निम्मं, वर आणखी फूटभर. कुंपणासाठी दोन रोपांत ४५ ते ६० सेंमी ठेवा. सुरुवातीला विरळ दिसेल, दिसू द्या. दाटीवाटीने लावलं की आतल्या पानांना ऊन मिळत नाही, बुंधा उघडा पडतो आणि मिलीबग (पिठ्या ढेकूण ही कीड) ठाण मांडतो.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोड मातीत गाडलं तर कुजतं. छाटणी करताना तळ रुंद, माथा अरुंद. घरात लहान मुलं किंवा जनावरं असतील तर कण्हेर नकोच, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो.