आजोबांच्या ट्रान्झिस्टरला हात लावण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

चामडी कव्हरातला आजोबांचा फिलिप्सचा ट्रान्झिस्टर माळ्यावर सापडल्याचे आणि तो अगदी नव्यासारखा करून घेण्याचा तुझा विचार असल्याचे तुझ्या पत्रातून कळले. आनंद झाला, पण त्या रेडिओला इतक्यात हात लावू नकोस, असे मला कळकळीने सांगायचे आहे. आधी त्याच मॉडेलचा दुसरा संच मिळव. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात चिकाटीने शोध. संच बंद असला तरी चालेल, मात्र मॉडेल क्रमांक, बटणे आणि डायलची पट्टी तंतोतंत जुळली पाहिजे. शिकायचे ते त्या दुसऱ्या संचावर, आणि सुटा भाग लागला तर घ्यायचा तोही त्यातूनच.

माझ्या वडिलांच्या ट्रान्झिस्टरचे कव्हर फाटले होते, म्हणून मी हौसेने नवे शिवून घेतले आणि जुने टाकून दिले. त्याच्या झडपेच्या आतल्या बाजूला त्यांनी शाईने आपले नाव आणि खरेदीची तारीख लिहिलेली होती, हे आईने मला नंतर सांगितले. ती तारीख आता कोणालाच आठवत नाही.

दुसरा संच उघडलास की पहिल्यांदा सेलची जागा पाहा. जुन्या जस्त-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, म्हणून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसावी. अल्कलाईन सेल गळला असेल तर मात्र व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लागतो. त्यानंतर ध्यानात ठेवायची गोष्ट अशी की आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर (रेडिओला ज्यावरून हे नाव पडले ते छोटे सुटे भाग) असलेल्या बऱ्याच संचांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. आजच्या उपकरणांच्या सवयीने ऋण टोक सांगाड्याचे धरून कोणी बाहेरून वीज जोडली, तर साठ वर्षे टिकलेले ट्रान्झिस्टर क्षणात जातात.

१९६० च्या दशकातील फिलिप्सच्या अनेक संचांत एएफ ११७ आणि त्याच्या जातीचे ट्रान्झिस्टर आहेत. त्यांच्या धातूच्या टोपीच्या आत कथलाचे केसासारखे बारीक तंतू वाढतात, ते आतल्या जोडण्यांना टेकतात आणि रेडिओ मुका होतो. चार पायांपैकी टोपीला जोडलेला पाय कापला की पुष्कळदा तोच ट्रान्झिस्टर पुन्हा काम करू लागतो, त्यामुळे तो घाईने बदलू नये. आवाज क्षीण असेल किंवा फटफट असा येत असेल, तर वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत. आयएफच्या, म्हणजे मधल्या कंप्रतेच्या, छोट्या धातूच्या डब्यांतील कोअर (जुळणीसाठी फिरवायचे गाभे) मात्र फिरवू नकोस. ते ठिसूळ असतात, आणि एकदा बिघडलेली जुळणी उपकरणांशिवाय पुन्हा बसत नाही.

हे सारे होईपर्यंत आजोबांच्या संचाचे डायलसह सर्व बाजूंनी छायाचित्र काढून ठेव. काटा आज जिथे थांबला आहे, तिथे तो कोणीतरी शेवटचा आणून ठेवलेला आहे. तो पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झजवळ आहे की शॉर्टवेव्हच्या ४१ मीटर पट्ट्यावर, जिथे रेडिओ सिलोन लागत असे, हे आजीला विचार. जुन्या कागदांत रेडिओ परवान्याचे पुस्तकही शोध. त्या काळी परवान्याचे शुल्क टपाल कार्यालयात भरावे लागे, आणि पुस्तकातल्या शिक्क्यांवरून हा संच घरात केव्हापासून होता याचा अंदाज येतो. कव्हरावरचा तेलकट डाग, पट्ट्याला मारलेली गाठ, दुरुस्ती करणाऱ्याने आत पेन्सिलीने लिहिलेला आकडा, यांतले काहीही पुसू नकोस.

दुसरा संच मिळाला की त्याची मागची बाजू उघडून, सोल्डरिंगचा पहिला डाग देण्याआधी, आतले छायाचित्र मला पाठव. एएफ ११७ कुठे आहेत आणि कोणता पाय कापायचा, ते मी त्यावर खुणा करून लगेच कळवतो.

तुझा,
काका