वाचकांचे प्रश्न : शहराखालचे शहर

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात शिकते आणि आधुनिक शहरांच्या पोटात दडलेल्या जगांवरच्या इंग्रजी कादंबऱ्या एकामागून एक वाचते. तिच्या आग्रहावरून मी त्यांतली एक वाचली. ती रंजक वाटली; पण शिकल्यासवरलेल्या तरुणांना यात इतके काय सापडते, ते उमगले नाही. ही केवळ वास्तवापासूनची पळवाट आहे काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : पळवाटच हवी असती, तर लेखकाने आपल्या वाचकाला एखाद्या दूरच्या बेटावर किंवा परग्रहावर नेले असते. या कादंबऱ्या त्याला त्याच्याच रस्त्यावर, त्याच्याच रोजच्या स्थानकाच्या जिन्यावर आणून उभे करतात आणि जे तो दररोज पाहून न पाहिल्यासारखे करतो, त्याकडे बघायला लावतात. त्यांचे आकर्षण मला तरी प्रामुख्याने इथेच दिसते.

या प्रकारातील सर्वांत परिचित कादंबरी म्हणजे नील गेमन यांची ‘नेव्हरव्हेअर’. १९९६ साली बीबीसीवर सहा भागांची मालिका आली आणि त्याच वर्षी तिच्या कथेवरची ही कादंबरी प्रसिद्ध झाली. स्कॉटलंडहून लंडनला नोकरीसाठी आलेला रिचर्ड मेह्यू हा साधासरळ तरुण आपल्या वाग्दत्त वधूबरोबर एका महत्त्वाच्या भोजनाला निघालेला असतो. वाटेत पदपथावर एक जखमी मुलगी पडलेली दिसते. वधू तिला ओलांडून पुढे जाते. रिचर्ड थांबतो आणि तिला उचलून घरी आणतो. या एका कृतीनंतर वरचे लंडन त्याला ओळखेनासे होते. टॅक्सी त्याच्यासाठी थांबत नाही, कार्यालयातले त्याचे मेज हलवले जाते, आणि तो न्हाणीघरात असतानाच घर दाखवणारा माणूस नवे भाडेकरू घेऊन आत येतो. कादंबरीत पुढे राक्षसी श्वापदे आहेत, मारेकरी आहेत, पडलेला देवदूतही आहे. परंतु मला सर्वांत भयंकर वाटतात ती हीच पाने, कारण त्यांत जादू अगदी थोडी आहे. महानगरात नोकरी गेलेल्या, घर सुटलेल्या, कागदपत्रे नसलेल्या माणसाच्या वाट्याला नेमके हेच येते. वरच्या शहराच्या हिशेबातून जे गळले, ते खालच्या लंडनचे रहिवासी झाले, ही या कथेची मूळ कल्पना आहे, आणि आपल्या कन्येसारख्या तरुण वाचकांना ती भिडते याचे मला नवल वाटत नाही. शिक्षण संपवून अनोळखी शहरात उभे राहण्याच्या वयात, आपण कोणाच्या दृष्टीस पडतो की नाही हा प्रश्न फार जवळचा असतो.

या कल्पनेला भक्कम ऐतिहासिक आधारही आहे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ साली लंडनमधील श्रमिकांवर आणि गरिबांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कादंबरीच्या नायकाचे आडनाव तेच आहे. त्या ग्रंथात ‘टॉशर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांचे वर्णन येते. हे लोक कंदील आणि लांब दांडा घेऊन गटारांच्या भुयारांत शिरत आणि गाळातून नाणी, धातूचे तुकडे, दोर असे जे विकता येईल ते वेचून काढत. भुयारांत वाढलेल्या रानटी डुकरांची एक दंतकथाही त्यांच्यात प्रचलित होती आणि मेह्यूने ती नोंदवून ठेवली आहे. म्हणजे शहराखालचे जग, त्याचे रहिवासी आणि त्यांच्या श्वापदांच्या कथा हे सारे कादंबरीकारापूर्वी जवळजवळ दीडशे वर्षे लंडनमध्ये होतेच.

आणखी एका कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे हॅरी बेक याने काढलेला आणि १९३३ साली छापला गेलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा. बेकने जमिनीवरची खरी अंतरे आणि वळणे बाजूला ठेवली. मार्ग सरळ, आडवे, उभे किंवा तिरपे काढले आणि वरच्या शहराची खूण म्हणून केवळ थेम्स नदी राखली. प्रवाशाच्या सोयीसाठी केलेल्या या युक्तीचा परिणाम असा झाला की, भुयारी रेल्वे लोकांच्या मनात वरच्या शहरापासून सुटून एक स्वतंत्र भूप्रदेश झाली. एका स्थानकावर जमिनीत शिरायचे, अंधारातून जायचे आणि दुसऱ्या ठिकाणी वर यायचे. मधल्या भागात काय आहे ते डोळ्यांना कधीच दिसत नाही. त्या न दिसलेल्या जागेत कादंबरीकाराने वस्ती केली. अर्ल्स कोर्ट या स्थानकाच्या नावावरून त्याने रेल्वेच्या डब्यात दरबार भरवणारा खराखुरा सरदार उभा केला आणि नाईट्सब्रिजचा उच्चार धरून रात्रीच्याच काळोखाचा, माणसे गिळणारा पूल बांधला. ज्याने ती नावे वर्षानुवर्षे ध्वनिक्षेपकावर ऐकली आहेत, त्याला या खेळातून आपले शहर नव्याने मिळते.

या प्रकारावर माझा एक आक्षेपही आहे आणि आपल्या कन्येशी त्याविषयी अवश्य बोलावे, असे मी सुचवीन. बेघर माणसाला अद्भुत राज्याचा प्रजाजन केले, की त्याचे दैन्य देखणे होते. फाटक्या कपड्यांना रहस्याची झालर लागते, आणि वाचक पुस्तक मिटून पुन्हा त्याच पदपथावरून तसाच पुढे जाऊ शकतो. ‘नेव्हरव्हेअर’ या दोषातून पूर्णपणे सुटलेली नाही. तरीही ती दुबळी ठरत नाही, कारण जखमी माणसाजवळ थांबण्याची किंमत काय असते, हे तिने आरंभीच सांगितलेले आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त लंडनमध्ये राहते. या कादंबऱ्यांत येणारी भुयारे आणि बंद स्थानके खरोखर आहेत का? पाहता येतात का? – एक वाचक, लंडन

उत्तर : पुष्कळशी आहेत, आणि काही आपल्याला सहज पाहता येतील. जगातील पहिली भुयारी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन या दरम्यान आपल्याच शहरात प्रवाशांसाठी सुरू झाली, आणि तेव्हापासून तिथे स्थानके उघडत आणि मिटत आली आहेत. ब्रिटिश म्युझियम या नावाचे स्थानक १९३३ मध्ये बंद झाले. डाऊन स्ट्रीट हे स्थानक १९३२ मध्ये बंद झाले; दुसऱ्या महायुद्धात तिथून रेल्वेचा कारभार चालवला जात होता आणि खुद्द चर्चिल यांनीही तिथे आश्रय घेतला होता. लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम अशा बंद स्थानकांच्या मार्गदर्शित फेऱ्या काढते. टपालाची पाकिटे वाहण्यासाठी १९२७ मध्ये सुरू झालेली चिमुकली भुयारी रेल्वे २००३ मध्ये थांबली. तिच्या एका भागातून २०१७ पासून पोस्टल म्युझियम अभ्यागतांना फिरवून आणते.

दडलेल्या नद्यांपैकी फ्लीट ही सर्वांत प्रसिद्ध. १८व्या आणि १९व्या शतकांत ती टप्प्याटप्प्याने झाकली गेली आणि आज ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली थेम्सला मिळते. क्लार्कनवेल भागात रे स्ट्रीटवर रस्त्यातल्या एका लोखंडी जाळीशी कान दिला, तर तिचे पाणी ऐकू येते. ते अवश्य ऐकावे. वॉलब्रुक या दुसऱ्या झाकलेल्या प्रवाहाकाठचे मिथ्र देवतेचे रोमन मंदिर १९५४ मध्ये सापडले. २०१७ पासून ते एका नव्या इमारतीच्या तळाशी, आजच्या रस्त्यापेक्षा सुमारे सात मीटर खाली पाहता येते.

पण मी आपल्याला आवर्जून क्लॅपहॅम साउथचे खोल आश्रयस्थान सुचवीन. महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी बांधलेल्या या भुयारात जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ बोटीने कॅरिबियन बेटांवरून आलेल्या, राहायला जागा नसलेल्या अनेक लोकांना उतरवले गेले. जवळचे रोजगार कार्यालय ब्रिक्स्टनच्या बाजूला असल्याने ते पुढे त्या परिसरात स्थिरावले. परदेशातून आलेल्या माणसाला महानगराने पहिली जागा जमिनीखाली द्यावी, ही घटना कोणत्याही कादंबरीइतकीच बोलकी आहे, आणि स्थलांतर करून तिथे पोहोचलेल्या मराठी माणसाला ती अधिक जवळून कळेल.

प्रश्न : आपल्याकडे पाताळाची कल्पना हजारो वर्षांपासून आहे. मग या पाश्चात्त्य कादंबऱ्यांत नवे ते काय? – एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ ही सात तळांची रचना या कादंबऱ्यांपेक्षा किती तरी भव्य आहे, यात शंका नाही. विष्णुपुराणात तर नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहून रमणीय असल्याचे देवांना सांगतो. मात्र आपले पाताळ अवघ्या पृथ्वीखाली आहे. ते अमुक एका नगराच्या अमुक एका चौकाखाली नाही. आधुनिक कादंबरीतले खालचे जग त्या एका शहराच्या इतिहासातून घडते. वरच्या शहराने जे बुजवले, हाकलले, विसरले, तेच खाली साठते. म्हणून लंडनखालचे जग पॅरिसला उपयोगाचे नाही. पॅरिसच्या खाली जुन्या दगडखाणी आहेत आणि १८व्या शतकाच्या अखेरीपासून त्यांत सुमारे साठ लाख मृतांच्या अस्थी रचून ठेवलेल्या आहेत. त्या शहराचा काळोख वेगळ्या जातीचा आहे.

तरीही आपण विचारलेल्या प्रश्नात एक महत्त्वाचा धागा आहे, आणि तो बळीचा. वामनाने सुतलात धाडलेल्या राजाची आपल्या खेड्यांतील स्त्रिया आजही आठवण काढतात आणि ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे म्हणून दिवाळीत ओवाळतात. खाली ढकललेला राजा न्यायी होता आणि तो परत यावा, ही आस त्या ओवाळणीत आहे. शहराखालच्या अद्भुत कादंबऱ्यांतील उत्तम कादंबऱ्या याच भावनेवर उभ्या आहेत. बेन अॅरोनोविच यांच्या २०११ च्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ या कादंबरीत तर लंडनच्या नद्या देवता होऊन वावरतात आणि थेम्सची माता ही परिचारिका होण्यासाठी नायजेरियाहून आलेली स्त्री आहे. नदीला आई म्हणणाऱ्या आपल्या वाचकाला तिथे काहीच समजावून सांगावे लागत नाही.

प्रश्न : मुंबई किंवा पुण्याखालच्या जगावर मराठीत अशी कादंबरी का लिहिली जाऊ नये? – एक नवोदित लेखक, पुणे

उत्तर : जरूर लिहावी, सामग्री विपुल आहे. आपल्याच शहरात नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजच्या तलावातून दगडी भुयारी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणले होते. छत्रपती संभाजीनगरात मलिक अंबरने १७व्या शतकाच्या आरंभी बांधलेली नहर आहे. मुंबईत राजभवनाच्या खाली २०१६ मध्ये ब्रिटिशकालीन खोल्यांचे तळघर सापडले, आणि मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहते. २०२४ पासून मुंबईची भुयारी मेट्रोही धावू लागली आहे, म्हणजे मुंबईकरांची एक पिढी आता जमिनीखालून कामावर जाणार आहे.

परंतु दोन गोष्टी मनाशी पक्क्या करूनच लिहायला बसावे. पहिली अशी की, वरचे शहर काटेकोर हवे. नायक कोणत्या बोळातून वळला, तिथे वास कशाचा होता, कोणते दुकान बंद पडले, हे जोपर्यंत पुणेकर मान्य करीत नाही, तोपर्यंत खालच्या राज्यावर तो विश्वास ठेवणार नाही. या लेखनप्रकारात अद्भुताची सारी भिस्त भूगोलावर असते, आणि नवे लेखक बहुधा इथेच घाई करतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या शहरांच्या खाली उतरणारी माणसे आजही आहेत. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेला २०१३ च्या कायद्याने बंदी असूनही गटारांत उतरून सफाई कामगार गुदमरून मरतात, आणि त्या कामात कोणत्या जातींची माणसे ढकलली गेली हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. भारतीय शहराखाली जादूची नगरी रचणाऱ्या लेखकाने या माणसांना वगळले, तर त्याची कादंबरी खोटी ठरेल; आणि त्यांना केवळ गूढ पात्रे केले, तर ती अन्यायाची ठरेल. त्यांच्याशी बोलून, त्यांची साधने, त्यांची भीती आणि त्यांचे भुयारांचे ज्ञान समजून घेऊन जो लिहील, त्याच्या हातून लंडनवरच्या कोणत्याही कादंबरीपेक्षा मोठे पुस्तक होऊ शकेल, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलाला या प्रकारातले काय वाचायला द्यावे? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : ‘नेव्हरव्हेअर’ इतक्यात नको; त्यातील हिंसा त्या वयाला जड जाईल. सुझॅन कॉलिन्स यांच्या ‘ग्रेगर द ओव्हरलँडर’ या २००३ च्या पुस्तकापासून आरंभ करावा. त्यातील ग्रेगरही अकरा वर्षांचाच आहे, आणि न्यूयॉर्कमधील आपल्या इमारतीच्या कपडे धुण्याच्या खोलीतील झरोक्यातून तो लहान बहिणीपाठोपाठ खाली पडतो. तिथे प्रचंड आकाराची झुरळे, वटवाघळे आणि उंदीर आहेत. झुरळांना भिणाऱ्या मुलांना तर ते विशेष आवडते. मालिकेची पाच पुस्तके आहेत. पुढच्या भागांत युद्धाची वर्णने वाढत जातात, तेव्हा पहिली दोन पुस्तके झाल्यावर उरलेली त्याच्याबरोबर आपणही वाचावीत.