पोस्टर लावून झाल्यावर पेटंट आठवतं

लॅबमधलं तंत्रज्ञान कंपनीला लायसन्स करायचंय म्हणून येणारे प्रश्न एकत्रच घेतोय, विचारणारे बदलतात पण घोळ तोच.

प्र. शोध मी लावला, मग पेटंट माझ्याच मालकीचं ना?

उ. इन्व्हेंटर म्हणून नाव तुमचं, मालकी बहुतेक वेळा विद्यापीठाची. नोकरीचा करार नि ग्रँटच्या अटी काढून वाचा.

प्र. कंपनीने सेल लाइन मागितलीय, 'नुसती टेस्ट करतो' म्हणतात. पाठवू?

उ. एमटीएवर, म्हणजे साहित्य कुठल्या अटींवर द्यायचं त्या करारावर, सही झाल्याशिवाय एक व्हायलसुद्धा नाही. आणि ती लाइन बनवताना दुसऱ्या लॅबचा प्लाझ्मिड (पेशीत जीन घालायला वापरतात तो डीएनएचा गोल तुकडा) वापरला असेल तर तो कुठल्या अटीवर आला होता ते बघा, बऱ्याचदा कमर्शियल वापराला मनाई असते.

प्र. कॉन्फरन्सला पोस्टर लावलं, पेपरही येतोय. सिनियर म्हणतात एक वर्षाची सूट असते, पेटंट सावकाश टाकू. चालेल का?

उ. अर्जाआधी काम उघड केलं की एरवी पेटंटचा हक्क जातो, आणि हे 'एक वर्ष' कँटीनमध्ये कोण वाटत बसतं मला कळत नाही! अमेरिकेत स्वतःचं काम स्वतःच उघड केलं तर १ वर्ष मिळतं, हे खरंय, पण युरोपात तसली सूट जवळजवळ नाहीच, आणि औषधाच्या कंपनीला एकाच देशाचं पेटंट घेऊन करायचंय काय? कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांचं डीएनए जोडायचं तंत्र घ्या, पेपर नोव्हेंबर १९७३ चा, अर्ज ४ नोव्हेंबर १९७४ ला, म्हणजे वर्ष संपता संपता. अमेरिकेत पुढे २५ कोटी डॉलरच्या वर रॉयल्टी आली, बाहेरच्या देशांतला हक्क मात्र पेपरबरोबरच गेला होता. आणि उघड करणं म्हणजे फक्त पेपर नाही हो, प्रीप्रिंट, लायब्ररीत ठेवलेला थिसिस, सगळं आलं. माझ्याकडे आलेल्या एका टीमने कॉन्फरन्सच्या सकाळी अर्ज टाकला आणि निवांत झाली, पण अ‍ॅबस्ट्रॅक्ट बुक ३ आठवडे आधीच वेबसाइटवर चढलेलं, त्यात पेप्टाइडचा अख्खा सिक्वेन्स. तुमच्या पोस्टरवर नुसता निष्कर्ष असेल, पद्धत नसेल, तर थोडंफार वाचेलही, पण ते मी इथून सांगू शकत नाही. पोस्टरची फाइल घेऊन आजच पेटंट अटर्नीकडे जा, आणि तोवर पेपर थांबवता येतो का तेही विचारा.

प्र. कंपनी आठ महिने 'इंटरेस्ट आहे' म्हणतेय आणि सगळे हक्क एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्यांनाच, मागतेय.

उ. इंटरेस्ट फुकट असतो. पहिल्या अर्जापासून ३० महिन्यांत पीसीटीमधून (अनेक देशांसाठी एकच सुरुवातीचा अर्ज टाकायचा आंतरराष्ट्रीय करार) देशोदेशी अर्ज टाकावे लागतात, खर्च तिथे फुगतो, आणि काही जण मुद्दाम तोवर रेंगाळून मग पडेल भावात मागतात. थांबवायचंच असेल तर पैसे घेऊन सहा महिन्यांचा ऑप्शन द्या, म्हणजे तोवर लायसन्स घ्यायचा राखीव हक्क. एक्सक्लुझिव्ह दिलंच तर फील्ड ठरवून, डायग्नोस्टिक एकाला, थेरपी दुसऱ्याला, आणि ठरलेल्या तारखेला काम पुढे सरकलं नाही तर हक्क परत, हे कलम हवंच, नाहीतर तुमचं तंत्र त्यांच्या कपाटात पडून राहील. मसुदा टेक ट्रान्सफर ऑफिसला (विद्यापीठाचं लायसन्सिंग बघणारं ऑफिस) दाखवल्याशिवाय ईमेलवर 'ओके'सुद्धा लिहू नका.

प्र. पेटंट मिळालं, आता आम्हाला कोणी अडवणार नाही ना?

उ. अडवू शकतं. पेटंट दुसऱ्याला रोखायला असतं, तुम्हाला परवानगी द्यायला नाही. फ्रीडम टू ऑपरेट सर्च, म्हणजे तुमचं काम दुसऱ्या कुणाच्या पेटंटमध्ये अडकतं का ते तपासणं, करून घ्या, वकिलाकडून, गुगलवरून नाही.