गोळ्यांचे पैसे आणि दोन टोल्या

प्रश्न : बाईंना सप्रेम जय ख्रिस्त. मी श्रीरामपूर तालुक्यातली. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, वर फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, दरमहा ५० रुपयांचं पाकीट टाकते. वार्षिक अहवालात देणगीदारांची यादी छापतात, मोठी रक्कम वर, लहान खाली. माझं नाव शेवटून दुसरं, ६०० रुपये. यंदा आमच्या उपासनामंदिराला नवी फरशी बसवायची आहे. मागच्या महिन्यात मंडळीच्या एका पंचांनी उपदेशात बायबलमधली विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन लहान नाण्यांची, गोष्ट सांगितली. तिने सर्वस्व दिलं, आपण काय देतो, असं म्हणाले. पुढे दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देण्यावर, आले. जो देत नाही तो देवाला ठकवतो म्हणाले. शिलाईचे पैसे सोडले तरी माझा दशांश १५० होतो. म्हणजे मी दर महिन्याला देवाला १०० रुपयांना ठकवते का? बीपीच्या गोळ्यांना साधारण दोनशे लागतात. दिवसाआड घेतल्या तर जमेल, असं मनात येतं. आणि खरंच विचारू का? लहान दान देवाला मोठं वाटतं हे खरं, की आमच्यासारख्यांची समजूत काढायला सांगतात?
— एक भगिनी

उत्तर : ताई, गोळ्या रोज घ्या. दिवसाआड नाही. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत बोलता येईल.

मी शाळेत गणित शिकवायचे, म्हणून मंडळीने मला खजिनदार केलं आणि एकोणीस वर्षं सोडलं नाही. दर रविवारी उपासना संपली की मागच्या खोलीत सतरंजीवर थैल्या उपड्या करायच्या, समोर दोन पंच, आणि मोजायला बसायचं. त्या ढिगावरून माणसं कळतात असं मला सुरुवातीला वाटायचं. बाजारात कोणी घेत नाही ती फाटकी नोट हमखास थैलीत येते. दहाचं नाणं दुकानदार नाकारायला लागले तेव्हा आमच्याकडे दहाच्या नाण्यांचा पाऊस पडला. आणि दहाचीच एखादी नोट अशी यायची, आठ घड्या घातलेली, घामाने ओली, की उलगडताना फाटेल म्हणून मी ती वहीत दाबून ठेवायची. दोन्ही दहाच. जमाखर्चाला फरक कळत नाही.

आता त्या टोल्यांचं. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, ‘दोन टोल्या म्हणजे एक दमडी’ असं आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘लेप्टा’, तेव्हाचं सगळ्यात लहान तांब्याचं नाणं. एका दिवसाची मजुरी एक दीनार, आणि एका दीनाराचे साधारण १२८ लेप्टा. म्हणजे बाईने टाकला तो रोजाचा चौसष्टावा भाग. आज पाचशे रुपये रोज धरला तर आठ रुपयेही होत नाहीत. यरुशलेमच्या मंदिरात दानासाठी तुतारीच्या तोंडासारख्या १३ पेट्या होत्या, असं जुन्या यहूदी ग्रंथात लिहिलेलं आहे. तांब्याची दोन नाणी अशा पेटीत पडली तर त्यांचा काय आवाज होणार! येशू भांडारासमोर बसून लोक पैसे *कसे* टाकतात ते पाहत होता, असं मार्क लिहितो. किती टाकतात ते मोजायला माझ्यासारखे खजिनदार तिथेही असतीलच.

पण ताई, ही गोष्ट मार्कच्या १२व्या अध्यायात ४१व्या ओवीपासून आहे. उपदेशक ती तिथूनच उचलतात. तुम्ही घरी ४०वी ओवी वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या, वर ढोंगाने लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर येशू तिथे चिडलेला आहे. लगेच पुढे ही विधवा येते. आणि तिच्यानंतर, १३व्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत, एक शिष्य म्हणतो, गुरुजी पाहा, कसे हे चिरे, कशा ह्या इमारती! येशूचं उत्तर तुम्हाला पाठ असेल. चिऱ्यावर चिरा राहणार नाही. इ. स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिर पाडलं. मधल्या चार ओव्यांत त्या बाईचं अन्न त्या चिऱ्यांसाठी पेटीत पडलं. तिने सगळ्यांपेक्षा जास्त टाकलं, असं येशू म्हणाला. तुम्हीही जाऊन तसंच करा, असं मात्र तो म्हणाला नाही. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीनंतर म्हणाला होता, इथे नाही. त्याच्या आवाजात कौतुक होतं की कळवळा, यावर जाणते लोक वाद घालतात. मला विचाराल तर दोन्ही होतं. तुमच्या मंदिराच्या फरशीशी माझं काही वाकडं नाही. पण फरशीसाठी ही गोष्ट सांगणाऱ्याने आधी ४०वी ओवी मोठ्याने वाचावी.

दशांशाचा हिशेब मी गणिताच्या बाईसारखा करते. ‘देवाला ठकवता’ हे मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात आहे, बरोबर. पण त्याच अध्यायात, तीनच ओव्या आधी, मजुराला, विधवेला आणि अनाथाला नाडणाऱ्यांविरुद्ध देव साक्ष द्यायला येतो. आणि दशांश होता कशासाठी, ते बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात आहे. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा, आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी तो खाऊन तृप्त व्हायचं. विधवा, ताई. त्या नियमात तुम्ही देणाऱ्यांच्या रांगेत नाही, घेणाऱ्यांच्या आहात. तेव्हा शंभर रुपयांची थकबाकी असलीच, तर ती कोणाकडे निघते ते तुमच्या पंचांनी पाहावं. पौलही करिंथकरांना लिहितो, की मनापासून असेल तर माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही.

आणि ६०० रुपयांची लाज वाटत असेल तर लूकचा दुसरा अध्याय काढा. बाळ येशूला मंदिरात नेलं तेव्हा मरीयेने दिलं काय, तर होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिलं, असं नियमात आहे ते. हा नियम लेवीय पुस्तकाच्या १२व्या अध्यायातला. ऐपत असेल त्याने कोकरू द्यावं, नसेल त्याने पाखरं. त्या दिवशीच्या देणगीदारांची यादी कोणी छापली असती, तर मरीयेचं नाव तुमच्या आसपासच आलं असतं.

समजूत काढायला सांगतात का, असं विचारलंत. सांगणारे असतात. त्यांच्यामुळे गोष्ट खोटी होत नाही. मिझोरममध्ये प्रेस्बिटेरियन घरांतून १९१० पासून एक रीत चालू आहे, ‘बुहफाइ थाम’. रांधायच्या आधी बाई मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात काढते, मंडळीतल्या बाया ते गोळा करतात, विकतात, आणि त्यावर मंडळीचं सेवाकार्य चालतं. शंभरहून जास्त वर्षं. माझ्या आजीचाही डालड्याचा डबा होता, त्यात ती भाकरीच्या पिठातून नव्हे, दळायला न्यायच्या ज्वारीतून मूठ काढायची. पिठाला पोरकिडे लागतात, म्हणायची.

पण मला तुम्हाला सांगायचं आहे ते एका अंड्याचं. माझीच चूक आहे, म्हणून सावकाश सांगते.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत कोंबडी, अंडी, शेंगा असं काही थैलीबरोबर यायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. आमच्याकडे एक म्हातारी दर रविवारी एक अंडं आणायची. पदराच्या टोकाला ज्वारीच्या दाण्यांत बसवलेलं. कोंबडी खुडूक बसली की अंड्याऐवजी पोकळ्याची जुडी. एकदा ते अंडं थैलीत फुटलं आणि तीस-चाळीस नोटा चिकटल्या. मी नवी खजिनदार. नोटा धुऊन दोरीवर वाळत घालायला लागल्या, त्या रागात मी तिला म्हटलं, “आजी, अंडं आणत जाऊ नका. त्याचे दीड-दोन रुपये येतील ते टाका.” ती “बरं” म्हणाली. पुढचे चार रविवार ती आलीच नाही.

पाचव्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. म्हणाली, “पैसं कुठनं आणू बाई? पैसं ल्योक ठिवतो. कोंबडी माझी हाय.”

त्या घरात तिची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती, आणि मी तिला मुलाच्या खिशातलं आणून टाक म्हणत होते! मी माफी मागितली, तिने चहा टाकला. पुढच्या रविवारी अंडं आलं. लिलावात ते एकवीस रुपयांना गेलं, कारण दोन शिक्षकांची चढाओढ लागली.

आता खरी चूक. लिलाव झाला की वहीत नोंद व्हायची: नाव, रक्कम. नाव कोणाचं? लिलाव घेणाऱ्याचं. पैसे त्याने दिले ना! पावतीही त्याचीच. खजिनदारकी सोडताना जुन्या वह्या चाळल्या. अकरा वर्षांत त्या म्हातारीचं नाव एकदाही नव्हतं. दर रविवारी ती देत होती, आणि माझ्या सुवाच्य अक्षरात तिथे दुसऱ्याचंच नाव. ती तोवर गेलेली होती. मी त्या पानांवर तिचं नाव पेन्सिलीने लिहीत बसले. ऑडिटच्या दृष्टीने ते चूकच. लिहिलं.

म्हणून छापील यादीबद्दल माझं मत तिखट आहे. आमच्याकडे आम्ही रकमा काढून टाकल्या आणि नावं अकारविल्हे लावली. रकमा पावतीपुस्तकात असतात, तपासनीस पाहतो, पुरे. एक मोठे देणगीदार दोन महिने रुसले होते, मग आले. तुमच्या पंचांना एक पत्र लिहा, चारच ओळी. रकमा छापू नयेत, आणि मंडळीत निराधार विधवा किती आहेत, त्यांच्या औषधांचं काय, हे पुढच्या सभेत घ्यावं. विधवांची काळजी घेण्याबद्दलचा १ तीमथ्य ५ हा अध्याय वाचून जावं, असंही लिहा. एकटीच्या सहीने भीती वाटत असेल तर महिला मंडळातल्या दोघी-तिघींच्या सह्या घ्या. पाळकसाहेबांच्या हाती द्या. थैलीत टाकू नका, तिथे कागदाकडे कोणी पाहत नाही.

तुमच्या ५० रुपयांना हात लावू नका, वाढवूही नका. एखाद्या महिन्यात जमले नाहीत तर पाकीट रिकामं टाका किंवा टाकू नका. पंच विचारतील, देव विचारणार नाही. आणि फरशीसाठी काही द्यावंसं अगदी मनातून वाटलं, तर नव्या फरशीवर वेदीपुढे अंथरायला शिलाईतल्या चिंध्यांची एक गोधडी शिवा. नाही वाटलं तर नका शिवू.

पुढच्या पत्रात गोळ्या सकाळी घेता की रात्री, तेवढं कळवा.