‘बारीक’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

वाचकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं. या वेळी बहुतेक पत्रं एकाच विषयाच्या आसपासची आहेत: माणसाचा बांधा आणि कामातला टापटीपपणा. म्हणून ती एकत्रच घेते.

प्रश्न (राजारामपुरी, एक आई): मुलीच्या लग्नाचा बायोडाटा इंग्रजीत करतोय. बांध्याच्या रकान्यात मी ‘थिन’ लिहिलं. पुतणी म्हणते, ‘काकी, स्लिम लिहा.’ ओळखीच्या एकांच्या बायोडाटात ‘स्लेंडर’ होतं. तिन्हींचा अर्थ बारीकच ना?

उत्तर: ताई, पुतणीचं ऐका. सासरहून चार दिवस आलेल्या लेकीला आई दारातच म्हणते, ‘किती बारीक झालीस गं!’ आणि तीच मुलगी संध्याकाळी रंकाळ्यावर मैत्रिणीला भेटली की मैत्रीण म्हणते, ‘बारीक झालीस की गं!’ शब्द तोच, पण आईच्या बोलण्यात काळजी आहे आणि मैत्रिणीच्या बोलण्यात कौतुक. आपल्याकडे हे काम आवाजाचा सूर करतो. इंग्रजीत त्यासाठी शब्दच बदलतात. आईचं वाक्य ‘यू आर लुकिंग थिन’ आणि मैत्रिणीचं ‘यू आर लुकिंग स्लिम’. कागदावर सूर ऐकू येत नाही, म्हणून बायोडाटात हा फरक जपायला हवा.

‘थिन’ मुळात फक्त माप सांगतो. कापड थिन, कागद थिन, भिंत थिन, विरळ झालेले केस थिन. आपला पांढरा रस्साही थिन, कारण पातळ पदार्थाला हाच शब्द लागतो. तिथे ‘स्लिम’ किंवा ‘स्लेंडर’ चालतच नाही. माणसाला लावला की मात्र ‘थिन’मध्ये ‘जरा जास्तच बारीक’ अशी छटा सहज येते. या शब्दाचं आपल्याशी लांबचं नातंही आहे. संस्कृतातलं ‘तनु’, म्हणजे पातळ, सडसडीत, आणि इंग्रजीतलं ‘थिन’ ही एकाच मुळाची भावंडं. ताणणे हा त्या मुळाचा अर्थ. ताणलं की वस्तू पातळ होते. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते तेव्हा जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादी तन्वी असायची. तिला हे सांगितलं की ‘थिन’चं स्पेलिंग पुन्हा चुकायचं नाही.

‘स्लिम’ म्हणजे सडपातळ. बारीक, पण बघायला बरं वाटेल असं. आज हा कौतुकाचा शब्द आहे, पण त्याचं मूळ कौतुकाचं नाही. डच भाषेत ‘स्लिम’ म्हणजे वाकडा, लबाड, चलाख. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या सत्याग्रहाच्या वेळी सरकारच्या बाजूला जनरल यान स्मट्स होते. त्यांना तिथले डच वंशाचे लोक ‘स्लिम यानी’ म्हणत, यानी हे यानचंच घरगुती रूप. त्यात त्यांच्या बांध्याचा काही संबंध नव्हता, ते धूर्त होते म्हणून हे नाव पडलं. इंग्रजीत येऊन या शब्दाला सडपातळ आणि किरकोळ, तोकडा असे अर्थ आले. किरकोळपणाची खूण अजून उरली आहे: ‘स्लिम एव्हिडन्स’ म्हणजे तोकडा पुरावा.

‘स्लेंडर’मध्ये बारीकपणाबरोबर लांबी आणि डौल येतो. मान, बोटं, कंबर, सुरूचं झाड, मिनार. गुजरीत काचेखाली ठेवलेल्या सोन्याच्या अगदी नाजूक साखळीलाही तो शोभतो. आपला ‘शेलाटी’ त्याच्या जवळचा. शब्द सुंदर आहे, पण कथा-कादंबरीतला. बायोडाटाच्या रकान्यात तो नटून आल्यासारखा वाटतो.

तेव्हा लिहायचंच असेल तर ‘स्लिम’ लिहा. माझं मत विचाराल तर तो रकानाच काढून टाका. उंची लिहा, शिक्षण लिहा, नोकरी लिहा, फोटो तर जोडलेला असतोच. मुलीच्या अंगाला विशेषण शोधत बसायची वेळ आईवर येऊ नये असं मला फार मनापासून वाटतं. मुलांच्या बायोडाटात हा रकाना भरायचा आग्रह क्वचितच कोणी धरतं.

प्रश्न (कागल तालुका, नववीतली विद्यार्थिनी): वर्गातल्या मुली मला ‘स्किनी’ म्हणतात. ही शिवी आहे का? त्या म्हणतात, स्किनी जीन्स असते तसंच आहे, वाईट काही नाही.

उत्तर: बाळ, शिवी नाही, पण चांगलंही नाही. ‘स्किन’ म्हणजे कातडी. नुसती कातडी आणि हाडं, मध्ये मांस नाही, असा तो शब्द. आपला ‘किडकिडीत’ किंवा ‘लुकडी’. जीन्सचं वेगळं आहे. तिथे कापड पायाला घट्ट बसतं एवढंच सांगायचं असतं, कापडाचं मन दुखत नाही. माणसाला ‘स्किनी’ म्हणताना बहुतेक वेळा थट्टा असते. घरातलं माणूस लाडानं म्हणालं तर चालून जातं, वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं तर लागतं. तुला लागलं हे तुझं चुकलेलं नाही. त्या मुलींना सरळ सांग की हा शब्द मला आवडत नाही. तरीही थांबल्या नाहीत तर बाईंना सांग.

तुझ्यासाठी इंग्रजीत चांगले शब्द आहेत. बांधा लहान आणि हलका असेल तर ‘स्लाइट’ म्हणतात. वाक्यात असं येतं: ‘शी इज अ गर्ल ऑफ स्लाइट बिल्ड’. चणीनं लहान असलेल्या मुलीला ‘पेटीट’ हाही शब्द आहे, आपल्या ‘लहानखुरी’सारखा. ‘स्लाइट’ क्रियापद म्हणून आला तर मात्र अर्थ बदलतो. ‘टू स्लाइट समवन’ म्हणजे एखाद्याला तुच्छ लेखणं, मान न देणं.

‘स्किनी’च्या पलीकडचे शब्द आणखी कडक आहेत. ‘स्क्रॉनी’ म्हणजे हाडं वर आलेला, बघवत नाही असा. ‘गॉन्ट’ हा आजारानं, उपासमारीनं किंवा दुःखानं गाल बसलेल्या, डोळे खोल गेलेल्या माणसासाठी आहे. टायफॉइडमधून नुकत्याच उठलेल्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आण. ‘इमेशिएटेड’ म्हणजे पार खंगलेला. तो डॉक्टरांच्या कागदात आणि दुष्काळाच्या बातम्यांत येतो. हे तिन्ही परीक्षेपुरते ओळखून ठेव, कोणाला उद्देशून म्हणू नको.

प्रश्न (एका तालमीचे वस्ताद): माझा पठ्ठ्या ५७ किलो गटात लढतो. परराज्यातल्या प्रशिक्षण केंद्राला त्याचं शिफारसपत्र द्यायचंय. पोरगं दिसायला बारीक, पण अंगात ताकद लई. मी ‘थिन बट स्ट्राँग’ लिहिलंय. बरोबर आहे का?

उत्तर: वस्ताद, व्याकरण बरोबर आहे, पण वाचणाऱ्याच्या मनात पोराचं चित्र चुकीचं उभं राहील. ‘थिन’ वाचला की खुराक कमी पडलेला मुलगा दिसतो, आणि ‘बट’ लिहिलं की आपणच कमीपणा कबूल करून मग सावरून घेतोय असं वाटतं.

तुम्हाला हवे आहेत ते ‘लीन’ आणि ‘वायरी’. ‘लीन’ म्हणजे अंगावर चरबी नाही, जे आहे ते कसलेलं. मटणाला हाच शब्द लावतात: चरबी काढलेलं, निव्वळ मांस ते ‘लीन मीट’. ‘वायरी’ म्हणजे आपला ‘काटक’. तारेसारखा बारीक, वाकेल पण तुटणार नाही. तुमच्या पोराला तो चपखल बसतो. असं लिहा: ‘ही इज लीन अँड वायरी, विथ अ स्ट्राँग ग्रिप अँड एक्सलंट स्टॅमिना.’ पकड आणि दम हे दोन्ही गुण तिथल्या प्रशिक्षकांना लगेच कळतील.

बारीक दिसणाऱ्या मल्लाची किंमत कोल्हापूरला वेगळी सांगायला नको. राजाराम कॉलेजमध्ये शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला याच ५७ किलोच्या गटात, म्हणजे बँटमवेटमध्ये, ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ म्हणत. तुमच्या पत्रात वजनगट आहे, तर त्याच्या शेजारी ही एक ओळही घाला. वाचणाऱ्याला तालमीची परंपराही कळेल.

एक शब्द मात्र टाळा: ‘लँकी’. तो उंच, हातपाय लांब आणि हालचालीत जरा अवघडलेल्या माणसासाठी आहे. वेगवान गोलंदाजाला चालतो, कुस्तीतल्या पोराला नाही.

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीतले सुपरवायझर): आमच्याकडे ‘लीन मॅन्युफॅक्चरिंग’चं ट्रेनिंग झालं. भिंतीवर पाटी लावलीय, ‘कीप युवर वर्कप्लेस क्लीन, नीट अँड टायडी’. तिन्ही शब्द एकच ना? मग तीनदा कशाला? आणि कारखान्याला ‘लीन’ कसं म्हणतात?

उत्तर: भाऊ, तीन शब्द तीन वेगळी कामं सांगतात, आणि तुमच्या शॉपमध्येच ती सहज दिसतील.

मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे करण्याच्या जागेची सांडलेली वाळू झाडली, मशीनवरचं तेल पुसलं, हे ‘क्लीन’. पाने, हातोडे, गेज आपापल्या जागी गेले, हे ‘टायडी’. तुमच्याकडे भिंतीवर शॅडो बोर्ड असेल, म्हणजे प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेला फळा. त्यावर एकही आकृती रिकामी नसेल तर जागा टायडी. पॅटर्नच्या रॅकवरची लेबलं सरळ रेषेत चिकटवलेली, शिफ्टच्या रजिस्टरातलं अक्षर वाचता येण्यासारखं, आकडे रकान्याबाहेर न गेलेले, हे ‘नीट’. फाउंड्रीत वाळू असणारच, त्यामुळे ती घरासारखी ‘क्लीन’ कधी होणार नाही. पण ‘टायडी’ रोज होऊ शकते, आणि अपघात टाळायला तेच जास्त उपयोगी पडतं. पाटी मला करायला दिली असती तर ‘टायडी’ पहिला लिहिला असता.

तुमच्या ट्रेनिंगमध्ये फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा आवरून ठेवायची जपानी पद्धत, शिकवलं असेल. त्यातला ‘सेइतॉन’ टायडीच्या जवळचा आणि ‘सेइसो’ क्लीनच्या. जपान्यांनीही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, त्यामागे कारण आहे.

‘टायडी’ आला ‘टाइड’वरून, आणि ‘टाइड’चा जुना अर्थ वेळ. म्हणजे मुळात वेळच्या वेळी झालेलं ते टायडी. शिफ्ट संपताना आवरलेलं टेबल हा त्याचा अगदी मुळातला अर्थ झाला. ‘नीट’ लॅटिनमधल्या ‘चकचकीत’ या अर्थाच्या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. त्यात हाताची सफाई असते. चप्पल लाईनमध्ये चांगला कारागीर कोल्हापुरीच्या पट्ट्यावर चामड्याची वेणी घालतो, तेव्हा पेड सारखे, अंतर सारखं आणि शेवटचं टोक आत असं दडवलेलं असतं की शोधावं लागतं. ते काम ‘नीट’. दुकानात जोड मापाप्रमाणे लावले असतील तर दुकान ‘टायडी’.

आपला ‘नीट’ आणि त्यांचा ‘नीट’ कानाला सारखे लागतात आणि तिथेच गफलत होते. ‘नीट बस’ म्हणजे ‘सिट प्रॉपर्ली’. ‘नीट ऐक’ म्हणजे ‘लिसन केअरफुली’. ‘मशीन नीट झालं’ म्हणजे ‘द मशीन हॅज बीन रिपेअर्ड’. या तिन्ही ठिकाणी इंग्रजी ‘नीट’ घालू नका. रिपोर्टमध्ये ‘मशीन इज नीट नाऊ’ लिहिलंत तर साहेबांना वाटेल पुसून ठेवलंय, आणि ते बिघडलेलंच आहे असं समजून मेकॅनिकला बोलावतील.

आता ‘लीन’. वर वस्तादांना सांगितला तोच अर्थ. टोयोटाच्या कारखान्यात जादा साठा नाही, वाया जाणारी हालचाल नाही, रिकामी वाट बघणं नाही, अशी पद्धत होती. १९८८ साली जॉन क्राफसिक या अमेरिकन अभियंत्यानं तिला ‘लीन’ म्हटलं. चरबी काढलेला कारखाना. यात एक गोष्ट लक्षात असू द्या: ‘लीन’ म्हणजे उपाशी नव्हे. माणसं कमी करून उरलेल्यांवर दुप्पट काम टाकलं तर तो कारखाना लीन होत नाही, ‘गॉन्ट’ होतो. ट्रेनिंग देणाऱ्यांना हा फरक विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘लीन सीझन’ मात्र वेगळा, त्याचा अर्थ मंदीचे दिवस.

प्रश्न (इचलकरंजी): नवरदेवाला ‘डॅपर’ म्हणावं की ‘स्मार्ट’?

उत्तर: दोन्ही चालतात. ‘डॅपर’ फक्त पुरुषांसाठी, बहुतेकदा चणीनं लहान पण कपड्यात ऐटबाज अशा माणसासाठी. डचमध्ये याच शब्दाचा अर्थ शूर. ‘स्मार्ट’ ब्रिटिश इंग्रजीत कपड्यांबद्दल, अमेरिकनमध्ये जास्त करून हुशारीबद्दल. ‘स्प्रूस अप’ म्हणजे झकपक करणं, ते हॉललाही लागू पडतं.

प्रश्न (गडहिंग्लज): ‘ट्रिम’ म्हणजे बारीक की व्यवस्थित?

उत्तर: दोन्ही, आणि म्हणूनच मला हा शब्द फार आवडतो. मराठीत त्याला ‘आटोपशीर’ इतका जवळचा दुसरा शब्द मला सापडलेला नाही. आटोपशीर बांधा, आटोपशीर बाग, आटोपशीर दाढी, सगळीकडे ‘ट्रिम’ बसतो. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता मजबूत करणं, सज्ज करणं. म्हणून त्यात अशक्तपणा कुठेच नाही. साठी ओलांडलेल्या, रोज सकाळी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जाणाऱ्या माणसाला ‘थिन’ म्हणू नका, ‘ट्रिम’ म्हणा.

प्रश्न (गारगोटी): ‘स्लिम चान्स’ आणि ‘फॅट चान्स’ हे विरुद्ध अर्थाचे आहेत का?

उत्तर: नाहीत. दोन्हींत आशा जवळपास नाहीच. ‘स्लिम चान्स’ सरळ माहिती देतो: शक्यता फार थोडी. ‘फॅट चान्स’ हा टोमणा आहे, आपल्या ‘झालंच मग!’सारखा. मित्रांत चालेल. अर्जात, मुलाखतीत किंवा वरिष्ठांशी बोलताना ‘स्लिम’च वापरा.