बोनस फुकटचा, मग कर कशाचा?

प्रश्न : बजाज फायनान्सचे 20 शेअर मी एप्रिल 2024 मध्ये 7000 रुपये भावाने घेतले होते. जून 2025 मध्ये त्यांचे 200 झाले आणि भाव नऊ हजारांच्या वरून एकदम साडेनऊशेच्या आत आला. अ‍ॅपवर 90 टक्के तोटा बघून धडकीच भरली. आता सगळे विकले तर कर कसा लागेल? (वाचक, कोथरूड)

उत्तर : तोटा झालाच नव्हता, हिशेब अर्धवट दिसत होता. कंपनीने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. 2 रुपये दर्शनी (कागदोपत्री) किमतीच्या एका शेअरचे 1 रुपयाचे दोन केले, हा झाला स्प्लिट. मग त्या प्रत्येक शेअरमागे 4 बोनस दिले. तुमच्या 20 चे 40 झाले, त्यावर 160 बोनस. 16 जूनला भाव सकाळीच दहाव्या हिश्श्यावर आला. बोनसचे शेअर मात्र खात्यात जमा व्हायला थोडा वेळ लागतो. तोवर अ‍ॅप जुनी संख्या नव्या भावाने गुणत बसते.

खरी मेख करात आहे. तुम्ही म्हणाल, 1,40,000 रुपये घातले, 200 शेअर झाले, म्हणजे खरेदी 700 ला पडली. काही अ‍ॅपही तसेच दाखवतात. आयकर खाते असा सरासरी भाव मानत नाही. स्प्लिटमध्ये मूळ किंमत विभागली जाते आणि खरेदीची तारीख जुनीच राहते, म्हणून तुमचे 40 शेअर 3500 रुपयांचे. बोनसची किंमत मात्र शून्य आणि त्याची मुदत वाटपाच्या तारखेपासून मोजायची.

सोयीसाठी भाव 930 धरू. बोनस मिळून 12 महिने व्हायच्या आत तुम्ही सगळे 200 विकले असते, तर 40 शेअरवर 1,02,800 रुपये दीर्घ मुदतीचा तोटा आणि 160 वर 1,48,800 रुपये अल्प मुदतीचा नफा. दीर्घ मुदतीचा तोटा अल्प मुदतीच्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे खिशात आलेला नफा 46,000 रुपये आणि 20 टक्क्यांनी कर 29,760, वर उपकर! तेच शेअर 12 महिने उलटल्यावर एकाच आर्थिक वर्षात विकले, तर दोन्ही बाजू दीर्घ मुदतीच्या होतात, निव्वळ नफा 46,000 उरतो आणि वर्षाला 1,25,000 पर्यंतच्या सवलतीत तो बसून जातो. अर्थात त्या वर्षी दुसरा असा नफा नसेल तर. थोडेच विकायचे असतील तर लक्षात ठेवा, डिमॅटमध्ये आधी आलेले आधी गेले असे धरतात. म्हणजे पहिले 40 तोट्याचे जातील. हा तोटा 8 वर्षे पुढे ओढता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच.

ज्यांना यात युक्ती दिसली, त्यांच्यासाठी : रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी ज्यांच्या नावावर शेअर असतील त्यांनाच बोनस किंवा लाभांश मिळतो) आधीच्या 3 महिन्यांत शेअर घेऊन, बोनस जवळ ठेवून, मूळ शेअर पुढच्या 9 महिन्यांत तोट्यात विकले तर तो तोटा मानला जात नाही. तो बोनसच्या खरेदी किमतीत धरतात. तुमची खरेदी बरीच आधीची, तुम्हाला ही अडचण नाही.

प्रश्न : रेकॉर्ड डेटच्या दिवशी सकाळीच शेअर घेतला, तरी लाभांश आला नाही. असे का? (वाचक, मिरज)

उत्तर : त्या दिवशी घेतलेला शेअर खात्यात येतो दुसऱ्या दिवशी. जानेवारी 2023 पासून सगळ्या शेअरना टी अधिक 1, म्हणजे सौद्यानंतर एका कामकाजाच्या दिवसात व्यवहार पुरा, हा नियम लागू आहे, त्यामुळे निदान एक कामकाजाचा दिवस आधी खरेदी हवी. त्यातही 19 फेब्रुवारीसारखा दिवस फसवतो. शिवजयंतीची बँकेला सुट्टी, बाजार चालू, पण सेटलमेंट (पैसे आणि शेअर खात्यात जमा होणे) बंद. म्हणून एक्स-डेट (ज्या दिवसापासून घेतलेल्या शेअरला तो लाभांश मिळत नाही) बघा आणि तिच्या आदल्या दिवसापर्यंत घ्या. तसे तुमचे नुकसान फारसे झालेले नाही. एक्स-डेटला भाव साधारण लाभांशाइतका उतरूनच उघडतो, म्हणजे तुम्ही तेवढे स्वस्तात घेतलेत.

प्रश्न : 1200 टक्के लाभांश म्हणजे नेमके किती?

उत्तर : टक्के दर्शनी किमतीवर असतात, बाजारभावावर नाही. दर्शनी किंमत 1 रुपया असेल तर 12 रुपये. भाव 1500 असेल तर परतावा 0.8 टक्के, बँकेच्या बचत खात्यापेक्षाही कमी. एप्रिल 2025 पासून एका कंपनीकडून वर्षाला 10,000 रुपयांपेक्षा जास्त लाभांश मिळाला तर 10 टक्के टीडीएस कापतात, पॅन नोंदवलेला नसेल तर 20.

प्रश्न : एका कंपनीचे प्रति शेअर उत्पन्न (ईपीएस) 4 वरून 6 रुपये झाले, भाव 105. पीई (भाव भागिले ईपीएस) 17.5 येतो. स्वस्त आहे ना? (वाचक, नाशिक)

उत्तर : निकालाच्या तक्त्यात ‘अपवादात्मक बाबी’ ही ओळ शोधा. समजा शेअर 10 कोटी, निव्वळ नफा 60 कोटी, पण त्यातले 25 कोटी जुन्या कारखान्याची जमीन विकून आलेले. जमीन दरवर्षी विकता येत नाही. धंद्याचे ईपीएस 3.50, म्हणजे गेल्या वर्षीपेक्षा कमी, आणि पीई 30. मग रोख प्रवाहाचे पत्रक उघडा. नफा वाढतोय, धंद्यातून येणारी रोकड घटतेय आणि येणी फुगताहेत, तर माल उधारीवर ढकलला जातोय. उपकंपन्या असतील तर एकत्रित निकालातलेच ईपीएस धरा.

प्रश्न : वडिलांच्या ट्रंकेत 1990 च्या दशकातली शेअर सर्टिफिकेटे सापडली. 2009 नंतर लाभांश वठवलेला नाही. आईवडील दोघेही नाहीत. वारस मी आणि बहीण. (वाचक, रत्नागिरी)

उत्तर : सलग 7 वर्षे लाभांश न घेतलेले शेअर कंपनी गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे (आयईपीएफ) वर्ग करते. आयईपीएफच्या संकेतस्थळावर नाव किंवा फोलिओ नंबर (सर्टिफिकेटवरचा भागधारकाचा खाते क्रमांक) टाकून बघा. तिथे सापडले तरी घाबरू नका, हक्क बुडत नाही.

आधी कंपनीच्या रजिस्ट्रारला (भागधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेला) फोलिओ नंबर देऊन पत्र लिहा आणि आजची शेअरसंख्या विचारा. मधल्या काळातले बोनस, स्प्लिट धरून ती सर्टिफिकेटवरच्या आकड्याच्या कित्येक पट असू शकते. मग वारसाहक्काची कागदपत्रे : आयएसआर-5 अर्ज (शेअर वारसाच्या नावे करण्याचा), मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, बहिणीचे नाहरकत पत्र. नॉमिनी नसेल तर वारस प्रमाणपत्राशिवाय भागण्याची मर्यादा बाजार नियामक सेबीने 2022 मध्ये एका कंपनीमागे 2 लाखांवरून 5 लाख केली. ही तपासणी झाली की कंपनी हक्कदारीचे पत्र देते. ते जोडून आयईपीएफ-5 अर्ज (निधीकडून शेअर परत मागण्याचा) ऑनलाइन भरायचा आणि कागदांचा संच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे (अशा दाव्यांसाठी नेमलेल्या) पाठवायचा. शेअर तुमच्या डिमॅट खात्यात येतात, म्हणून ते आधी उघडून ठेवा.

अर्ज अडतात ते बहुतेक नावापायी. सर्टिफिकेटवर आद्याक्षरे, आधारवर पूर्ण नाव, पॅनवर आडनाव आधी, बहिणीच्या कागदांवर काही ठिकाणी माहेरचे नाव. या सगळ्यांची एकच यादी करून ‘एकच व्यक्ती’ असल्याचे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. आयईपीएफच्या अर्जाला शुल्क नाही. टक्केवारीवर काम करून देणारे फोन येतील. त्यांना मूळ सर्टिफिकेट देऊ नका.